पुढच्या सीटचा मान

नाताळ झाला की पुढचा आठवडाभर आमच्या भागातले रस्ते बघण्यासारखे असतात. गावोगावची पोरं रस्त्याच्या कडेला, कुणाच्या अंगणात, बंद पडलेल्या दुकानात येशूजन्माचे देखावे उभे करतात. आम्ही सगळे त्यांना गोठे म्हणतो. गोठा म्हटला तरी त्यात गाय असेलच असं नाही. एका वर्षी कुणी तो पाण्याच्या टाकीत केला होता, एका वर्षी जुन्या रिक्षात. गणपतीत ख्रिस्ती लोक आमच्याकडे आरास बघायला येतात, नाताळात आम्ही गोठे बघायला जातो. त्यामुळे आत्याने फोनवर "या वर्षी आम्ही दोघं येतोय रे, गोठे बघायला, गाडी काढ तुझी" असं सांगितलं, त्यात नवल काहीच नव्हतं. बाबा "ये ना" म्हणाले. फोन ठेवल्यावर ते आईकडे बघत राहिले, आणि आईने माझ्याकडे बघितलं.

बाबांच्या डोळ्यांचं तेव्हा आम्हा तिघांनाच माहीत होतं. अंधार पडला की त्यांना दिसत नाही. अगदीच दिसत नाही असं नाही. दिवा दिसतो, पण दिव्याच्या उजेडात काय आहे ते दिसत नाही, असं ते सांगतात. आणि समोरचं दिसतं, बाजूचं कमी दिसतं. दिवाळीनंतर मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे दवाखाना असो की बँक, सगळीकडे मला पुढे करतात. डॉक्टर बरंचसं इंग्रजीत माझ्याशीच बोलले. पडद्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, औषधाने थांबेल असं सांगता येत नाही. अंधारात गाडी चालवायची नाही, हे मात्र ते मराठीत बोलले, बाबांकडे बघून. बाबा "हो, हो" म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "अंधारात म्हणजे नेमकं कधीपासून गं?"

कारण बाबांचं कामच अंधारातलं. आगाशीच्या आसपासच्या वाड्यांतून सोनचाफ्याची आणि कागड्याची फुलं गोळा करायची आणि उजाडायच्या आत विरार स्टेशनवर पोचवायची. तिथून फुलं दादरला जातात. आमची स्वतःची वाडी लहान आहे, तिच्यावर घर चालत नाही. घर चालतं ते या गाडीवर. डॉक्टरांकडून आल्यापासून आई त्यांच्याबरोबर जायला लागली. टोपल्या उतरवायला मदत, असं लोकांना सांगितलं. ती शेजारच्या सीटवर बसते आणि सारखी बोलते. "सायकल आहे. खड्डा. दूधवाला येतोय समोरून. आता वळण." वाडीवाले हसायचे, बायको नवऱ्याला एकटं सोडत नाही म्हणायचे. मला ते बरोबर वाटत नव्हतं. एकदा मी तसं म्हणालेसुद्धा. "मग काय करायचं, तू सांग," आई म्हणाली.

आत्या आणि आतोबांना हे कळता कामा नये, अशी बाबांची अट होती. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. माणूस वाईट नाही. बोईसरला कारखान्यात सुपरवायझर होते, आता रिटायर झालेत. पण त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि त्यांचे निम्मे नातेवाईक आमच्याच भागातले वाडीवाले. "भावोजींना कळलं की सगळ्या वाड्यांना कळलं," बाबा म्हणाले. "मग मला फुलं कोण देणार?"

ठरलं असं की दुपारी जेवून लगेच निघायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. गाडीची मधली सीट एरवी काढून ठेवलेली असते, टोपल्यांना जागा हवी म्हणून. सकाळी मी आणि बाबांनी ती बसवली. नट आवळताना ते म्हणाले, "आई पुढे बसेल. तू माझ्या मागे बस. काही झालं तर तू आहेस."

काही झालं तर मी काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

जेवणं झाली. आई हात पुसत आधीच पुढे जाऊन बसली होती. आतोबा केस विंचरत बाहेर आले आणि दाराशी थांबले. आत्या मागून आली.

"अगं वहिनी, तू कुठे पुढे? यांना बसू दे की! जावई आहेत ते या घरचे."

आतोबा म्हणाले, "असू दे गं, मी बसतो मागे बायकांच्यात."

"बायकांच्यात कशाला? शोभतं का?"

आई उतरली. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. जावयाला मागे बसवून आपण पुढे बसलेली वहिनी म्हणून आत्याने ते सगळ्या नात्यात फिरवलं असतं, आणि आईला स्वतःलाही ते जमलं नसतं. आमच्याकडे जावयाला पहिलं ताट, पहिला पाट, तशी गाडीतली पुढची सीट. बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. "बसा भावोजी," ते म्हणाले. आई आमच्या दोघींच्या मध्ये बसली आणि पुढच्या दोन सीटांच्या फटीतून डोकं पुढे काढून राहिली.

ऊन लख्ख होतं. बाबा छान गाडी चालवत होते. मी मनाला सांगत होते की ऊन आहे तोवर काळजी नाही. तरी आई सवयीने बोलायला लागली, "अहो, सायकल. पुढे गाय आहे हं."

आतोबा हसले. "वहिनी, गाडी तो चालवतोय का तुम्ही?"

"सवय हो," आई म्हणाली.

"मेव्हणे, कसं सहन करतोस रे? रोज पहाटे हेच ऐकतोस?"

"आता कान बसलेत," बाबा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

पहिला गोठा एका जुन्या बसथांब्यात होता. मरिया लाल लुगडं नेसून बाकावर बसलेली, जोसेफच्या हातात छत्री आणि कापडी पिशवी, बाळ येशू बाकाखाली भाजीच्या टोपलीत. एक देवदूत कंडक्टरचा पट्टा लावून उभा होता. वर फळा होता: बेथलेहेमची गाडी उशिराने धावत आहे. आत्या पोट धरून हसली. तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि स्वतः मरियेशेजारी जाऊन बसली, बसची वाट बघत. ते बघताना मीसुद्धा क्षणभर सगळं विसरले. तेवढ्यात काहीतरी आपटल्याचा आवाज आला. थांब्याच्या कडेला पोरांनी प्लास्टरची मेंढरं मांडली होती आणि बाबांचा पाय त्यातल्या एकाला लागला होता. मेंढरू आडवं पडलं होतं. बाबा त्याच्याकडे न बघता, भलतीकडेच बघत उभे होते.

"अरे मेव्हणे, मेंढरं राखायची असतात, तुडवायची नसतात!" आतोबा म्हणाले.

आईने पटकन वाकून मेंढरू उभं केलं. त्याचा कान उडाला होता. तो कान तिने त्याच्या पायाशी नीट ठेवून दिला.

दुसरा गोठा राजोडीला. समुद्राच्या रस्त्यावर, घरांच्या मागे वर ओढून ठेवलेल्या होडीत. होडीच्या पोटात जाळं अंथरून त्यावर बाळ ठेवलं होतं, आणि वर दोरीवर खरे बोंबील वाळत घातले होते, छपरासारखे. तीन राजे भेटी घेऊन आलेले: एकाच्या हातात पापलेट, एकाच्या शेवंड, तिसऱ्याच्या ताटात सोडे. एक म्हातारी कोळीण स्टूल टाकून राखणीला बसली होती.

"राजांनी सोनं आणलं होतं ना गं बाई?" आत्याने तिला विचारलं.

"सोनं कोन आनतंय आता? पापलेट आनलं हेच लय झालं." म्हातारी आतोबांवर ओरडली, "ओ दादा, फोटू काढा, पन हात नका लावू. बोंबील विकायचं हायेत."

आतोबांनी हात मागे घेतला. म्हातारी आत्याला म्हणाली, "आता काय दिसतंय? रातच्याला या. दिवं लागलं की पान्यात हाय असं वाटतं."

हेच नको होतं. आत्या होडीकडे बघून म्हणाली, "खरंच रे भाऊ, दिव्यांशिवाय गोठा म्हणजे काय? उगाच उन्हात आणलंस आम्हाला."

"पापडीला राजांचा काथ्याचा उंट केलाय म्हणतात," आतोबा म्हणाले. "मान हलवतो. खऱ्या उंटाएवढा. आमच्या भाच्याने व्हिडिओ पाठवला होता."

"चला मग पापडीला! तिथे पोचेपर्यंत दिवे लागतील."

बाबांनी समुद्राकडे पाहिलं. सूर्य अजून वर होता, पण डिसेंबरातला सूर्य भराभर खाली येतो. "लांब पडेल गं," ते म्हणाले. "उशीर होईल."

"कसला उशीर? घरी कोण वाट बघतंय?"

"मला अभ्यास आहे," मी म्हणाले.

"सुट्टीत? इतका अभ्यास करून कुठे जाणार आहेस तू?" ती हे प्रेमानेच म्हणाली. तिला माझं कौतुक आहे. मग ती बाबांकडे वळली आणि तिचा आवाज थोडा उतरला. "किती वर्षांनी आले मी. आई-बाबा होते तेव्हा तू मला सायकलवरून न्यायचास गोठे बघायला. आता गाडी आहे तर तुला उशीर होतो."

बाबांनी गाडीचं दार उघडलं.

निर्मळवरून पापडीकडे जाताना आई दोनदा फटीतून पुढे झाली, आणि दोन्ही वेळा आतोबांनी तिला चिडवलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही एक शब्द जरी बोललात ना, तर मी स्टिअरिंग तुमच्याच हातात देतो." आत्याने आईचा खांदा धरून तिला मागे ओढलं. "अगं, पुरुषांना चालवू दे. तू मला सांग, तुमच्याकडे या वर्षी चाफा कसा आहे?" आई चाफ्याबद्दल सांगत राहिली आणि तिची नजर रस्त्यावर राहिली. ऊन पिवळं झालं होतं. माडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या आणि दर सावलीत शिरताना बाबा गाडी थोडी सावकाश करत होते. ते फक्त मला आणि आईला कळत होतं.

पापडीचा उंट खरंच मोठा होता. एका वाडीच्या तोंडाशी, कुंपणाबाहेर उभा. अंग काथ्याचं, पायांना बांबू, डोळ्यांच्या जागी नारळाच्या करवंट्या. शिलाई मशीनच्या मोटारीवर मान हलते, असं तिथल्या एका काकांनी सांगितलं. पण मोटारीची आणि दिव्यांची चावी ज्यांच्याकडे, ती पोरं कामावरून यायची होती.

"येतील आता," काका म्हणाले. "दिवे लागल्यावर बघा, मग सांगा."

आम्ही थांबलो. लोक जमत होते. आत्याने काकांकडून काथ्या कुठून आणला, किती दिवस लागले, सगळं विचारून घेतलं. आतोबा उंटाच्या पोटाखाली वाकून मोटार बघत होते. मी आकाशाकडे बघत होते. असं आकाश मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, म्हणजे त्यात नेमका किती उजेड उरलाय हे मोजत.

बाबा गाडीत बसून होते. मी जाऊन खिडकीशी उभी राहिले.

"बाबा, रिक्षाने जाऊ या. गाडी इथेच कुठेतरी ठेवू."

"आणि त्यांना काय सांगू?"

"बिघडली म्हणू."

"भावोजी बॉनेट उघडतील." ते किंचित हसले. मग म्हणाले, "चालवतो मी. सावकाश नेतो. हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे, तुझ्या जन्माआधीपासूनचा."

"पण आज रस्त्यावर लोक आहेत, बाबा. रोजचा नाही आज."

मला आणखी बोलायचं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते मला शब्दाशब्दाने आठवत होतं. पण बाबांना उपदेश करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती आणि तो कोणत्या आवाजात करायचा तेच मला माहीत नव्हतं.

पोरं आली, दिवे लागले. एकदम सगळी वाडी उजळली. उंटाची मान कुरकुरत वर गेली, खाली आली, आणि जमलेली सगळी माणसं "ओ!" करून ओरडली. आत्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बाबा येऊन उभे होते. लोक हसले, त्यानंतर थोड्या वेळाने ते हसले. ते उंटाकडे बघत नव्हते. उंटाच्या बाजूला दिव्यांची एक मोठी चांदणी टांगली होती, ते तिच्याकडे बघत होते. तीच तेवढी दिसत असावी.

निघताना आईने शेवटचा प्रयत्न केला. "मला जरा मळमळतंय," ती म्हणाली. "पुढे बसले तर बरं वाटेल."

आतोबांनी लगेच खिसा चाचपला. "लिंबू आहे ना माझ्याकडे! प्रवासात मी नेहमी ठेवतो. हे घ्या, वास घेत राहा. आणि कडेला बसा, वारा लागेल." त्यांनी स्वतः आईला खिडकीशी बसवलं, मायेने. आता आई दाराला चिकटून, हातात लिंबू घेऊन, पुढच्या फटीपासून लांब. मी बाबांच्या मागे.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना घरांवर चांदण्या, कंदील, माळा. उजेड खूप होता, पण सगळा वरती. खाली रस्ता काळा. बाबा दुसऱ्या गिअरमध्ये होते. मागून एक बाइकवाला हॉर्न देत पुढे गेला तशी त्यांची मान ताठ झाली.

"काय रे, बैलगाडी चालवतोस?" आतोबा म्हणाले.

समोर रस्त्याच्या मधोमध एक कुत्रा झोपला होता. मला दिसला. आईला दिसला, तिचा श्वास मला ऐकू आला. मी काहीही न ठरवता मोठ्याने म्हणाले, "आत्या, तो बघ कुत्रा कसा झोपलाय, बरोबर रस्त्याच्या मधोमध! राजासारखा!"

बाबांनी गाडी डावीकडून घेतली.

"काय तरी दाखवते बाई," आत्या हसली.

पण मला वाट सापडली होती. मी दाखवत सुटले. "आतोबा, पुढे बघा, उजवीकडे केवढी वाळू टाकलीय, अर्धा रस्ता खाल्लाय." "आत्या, ती बाई बघ, डोक्यावर केवढा हंडा, चाललीय बिनधास्त डावीकडून." "बघ, बघ, समोरून दोन सायकली, जोडीने." माझा आवाज मला परका वाटत होता, सहलीच्या गाइडसारखा. आतोबा खूश झाले. "अरे वा, कॉलेजात हे शिकवतात का?" बाबा एकेका गोष्टीला गाडी अलगद वळवत होते, थांबवत होते. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. ते माझं ऐकत होते. पलीकडे आईने हातातलं लिंबू घट्ट धरलं होतं. पुढचा फाटा आला की मोठा रस्ता, तिथे खांबांचे दिवे, असं मी मनात म्हणत होते.

फाट्याच्या अलीकडे वाडीतून पोरं बाहेर पडली. पाच-सहा लहान पोरं, बांबूची एक भली मोठी चांदणी उचलून रस्ता ओलांडत होती. तिचे दिवे विझलेले होते, दुरुस्तीला नेत असावीत. चांदणी त्यांच्या डोक्यावर, पोरं तिच्या खाली, सगळंच काळं. मला ती दिसली आणि त्याच क्षणी कळलं की बाबांना दिसलेली नाहीत, कारण गाडीचा वेग जराही बदलला नाही. मी तोंड उघडलं. आत्या, बघ, एवढं आलंही तोंडात. पण त्यापुढे दाखवण्यासारखं वाक्य मला सुचेना.

"बाबा, थांबा!"

मी किंचाळले. बाबांचा पाय ब्रेकवर आदळला. आम्ही सगळे पुढे फेकले गेलो, आतोबांचे हात डॅशबोर्डवर आपटले. गाडी बंद पडली. चांदणीचं एक टोक आमच्या काचेला टेकलं होतं. त्याखालून एक मुलगी, सातवी-आठवीतली असेल, आत वाकून बघत होती.

"ओ काका, दिसत नाय का?"

मग ती बाकीच्यांना "चला रे" म्हणाली, पोरांनी चांदणी उचलली आणि ती पलीकडे गेली. कुणालाही काही झालं नव्हतं.

आतोबा हात चोळत हसायचा प्रयत्न करत होते. "घ्या. पोरं काय म्हणतायत ऐकलंस का, मेव्हणे?"

"बरोबर म्हणतायत," बाबा म्हणाले. त्यांनी किल्ली काढली. "मला अंधारात दिसत नाही, भावोजी."

"म्हणजे? चष्म्याचा नंबर..."

"चष्म्याने नाही होत ते. ही सांगेल तुम्हाला. हिला सगळं माहीत आहे."

मी सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच, साध्या शब्दांत. आत्या तोंडावर हात ठेवून बसली होती. आतोबांना आधी राग आला. "आणि आम्हाला घेऊन तू..." ते एवढंच म्हणाले आणि थांबले. आत्या आईकडे वळली. "वहिनी, तुला माहीत होतं?"

"म्हणून तर पुढे बसत होते," आई म्हणाली.

आतोबांनी आपण बसलेल्या त्या पुढच्या सीटकडे बघितलं. मग दार उघडून खाली उतरले आणि दार तसंच उघडं धरून उभे राहिले. "या वहिनी," ते म्हणाले. "बसा तुम्ही. सांगा त्याला."

आई उठायला लागली. बाबांनी मान हलवली. "नको. आता मी नाही चालवत."

दुसऱ्या कुणाला गाडी चालवता येत नव्हती. जवळच एका वाडीचं फाटक उघडं होतं. आतल्या माणसाला विचारून आम्ही गाडी ढकलत कुंपणाच्या आत नेली. आतोबा मागून ढकलत होते, दम लागला तरी बोलत नव्हते. मग रिक्षासाठी फाट्याकडे चालायला लागलो. दहा-बारा पावलं गेलो असू, बाबांनी हात पुढे केला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. आधी कुणासमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. अंधारात अडखळले तर चप्पल तुटल्याचं निमित्त करायचे. त्या रात्री फाट्यापर्यंत हात तसाच होता. मी सावकाश चालत होते. खड्डा आला की सांगत होते, खड्डा.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजले असतील. कुणाला जेवायची इच्छा नव्हती. पहाटे वाड्यांमध्ये फुलं काढून तयार असणार होती आणि न्यायला कुणी जाणार नव्हतं, तेव्हा ते आताच कळवायला हवं होतं. आई म्हणाली, "गाडी पापडीला बिघडलीय म्हणा. खोटंही नाही फार. उद्या-परवा बघू काय ते."

आतोबा ओटीवर बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "मेव्हणे, मी कुणाला काही बोलणार नाही. शप्पथ."

"आता बोललात तरी चालेल," बाबा म्हणाले.

त्यांनी मला फोन लावायला सांगितला. सगळ्यात जास्त चाफा ज्यांच्याकडून येतो, त्यांना आधी. मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी घसा साफ केला. "उद्या मी येणार नाही. नाही, गाडी ठीक आहे. मला दिसत नाही अंधारात. हो. डोळ्यांचंच. दुसरा कुणी बघेपर्यंत तुमची फुलं तुम्हाला स्टेशनवर न्यावी लागतील." मग बाबा म्हणाले, "हो, ती म्हणूनच यायची बरोबर." आणखी काहीतरी ऐकून "बरं" म्हणाले आणि फोन खाली घेतला.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"काही नाही. बघू म्हणाले."

त्या "बघू"चा अर्थ आम्हा कुणालाच कळला नव्हता. पुढे काही वाड्या टिकल्या, काही गेल्या. माझं कॉलेज संपेपर्यंत गाडी कोण चालवणार, यावरून घरात बरेच दिवस वाद झाले. पण त्या वेळी हे काहीच माहीत नव्हतं. बाबांनी फोन माझ्यापुढे धरला.

"पुढचा नंबर लाव," ते म्हणाले.